डिचोलीत एकटीनं वकिली सुरू करतेय. मुख्य काम कोणतं धरू?

पैलतीर

नमस्कार. गोव्यात म्हापशाला एका सिनियर वकिलांकडे सहा वर्षं काम केलं. येत्या १ तारखेपासून डिचोलीत स्वतःचं कार्यालय सुरू करतेय. बसस्टँडपासून पाच मिनिटांवर खोली मिळाली आहे, खाली झेरॉक्सवाला आहे. टेबल आणि चार खुर्च्या आल्या, कपाट अजून सुताराकडेच आहे. क्लार्क ठेवणं सध्या परवडणार नाही, त्यामुळे टायपिंगपासून फाइलिंगपर्यंत सगळं मलाच करायचंय.

सिनियरांकडे मी चेक बाउन्स, खावटी (पोटगी), इन्व्हेंटरी (मृताच्या मिळकतीचं वारसांत कोर्टातून वाटप), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे), टायटल सर्च (जमिनीच्या मालकीचा शोध) असं सगळंच थोडं थोडं केलं. पण गेल्या महिनाभरात ओळखीची माणसं विचारतात, "तू नक्की कसल्या केशी घेतेस?" आणि मी "सगळ्याच" म्हटलं की ती मान हलवतात आणि विषय बदलतात. म्हणून एकदोन विषय पक्के धरायचे आहेत.

डोळ्यांसमोर तीन वाटा आहेत. पहिली इन्व्हेंटरी आणि वारसाहक्क, यात मला खरोखर रस आहे. दुसरी १३८ (चेक बाउन्सचं कलम) आणि जेएमएफसीतलं, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातलं, रोजचं काम. तिसरी किनारपट्टीवरच्या फ्लॅट-व्हिलांचे टायटल रिपोर्ट आणि रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा), यात पैसे बरे आहेत असं सगळे सांगतात. आठ महिन्यांचं भाडं भरता येईल एवढी पुंजी आहे. घरातून पैसे मागायचे नाहीत. बाबांचा ट्रक खाणीवर होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ते दिवस मी घरात बसून पाहिले आहेत.

जे स्वतः यातून गेलेत त्यांनी कृपया सांगावं.

म्हापसेकर_वकील

ताई, अभिनंदन. मी २७ वर्षं म्हापसा आणि पणजी करतोय. माझं मत विचाराल तर तालुक्याच्या ठिकाणी कायदा निवडून भागत नाही. एका माणसाचा कागद कुठून निघतो आणि कुठे जाऊन थांबतो, ती वाट निवडायची.

इन्व्हेंटरीच घ्या. घरातला माणूस गेला. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, त्यामुळे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मिळकत एकत्र, निम्मी तिची, निम्मी त्याची. म्हणजे पहिला प्रश्न विधवेचा अर्धा हिस्सा बाजूला काढण्याचा. उरलेल्या अर्ध्यात मुलगे आणि मुली सारख्याच. त्यात प्रत्येक लग्न झालेल्या वारसाची बायको किंवा नवराही येतो. पाच भावंडं म्हटली की नोटीस दहा जणांना. त्यातली एक बहीण इंग्लंडात स्विंडनला, एक भाऊ दुबईत, आणि एक भाऊ घरातच राहतो पण कोणाशी बोलत नाही.

२०१२ चा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा कायदा २०१६ च्या डिसेंबरपासून लागू झाला, तेव्हापासून मार्ग बराच सरळ झालाय. कुटुंबप्रमुख नेमला जातो, तो शपथेवर वारस आणि मिळकतींची यादी देतो, मूल्यांकन होतं. एकमत नसेल तर वारसांमध्येच लिलाव. शेवटी वाटपाचा तक्ता आणि कोर्टाची मोहोर.

पण हुकूम झाला म्हणजे पक्षकाराचं काम संपलं असं नाही. त्याला एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर नाव हवंय. ते मामलेदाराकडे, म्युटेशनमध्ये (नोंदीतलं नाव बदलण्यात). हिश्शाचा सर्वे नंबर वेगळा करायचा तर उपजिल्हाधिकारी. घर बांधायचं तर सनद (जमीन बिगरशेती करण्याची परवानगी). इन्व्हेंटरी धरलीत तर या सगळ्या खिडक्या तुम्हाला पाठ हव्यात. एवढी वाट ज्याला येते, त्याच्याकडे एक घर आलं की त्याच वाड्यावरची चार घरं येतात. मी स्वतः असाच उभा राहिलो.

पैसा मात्र उशिरा येतो, हे आत्ताच मनाशी धरा. माझ्याकडची सगळ्यांत लवकर संपलेली इन्व्हेंटरी अकरा महिन्यांत संपली. सगळ्यांत जुनी अजून बोर्डावर आहे.

दाबोळी_क्रिमिनल

मी वास्कोत फौजदारी करतो. सर म्हणतात ते बरोबर, पण आठ महिन्यांच्या पुंजीवर इन्व्हेंटरी एकटी उभी राहणार नाही. रोजची चूल १३८ वर पेटवा.

कारण त्याचं घड्याळ ठरलेलं आहे. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, मग एका महिन्यात तक्रार. हे पक्षकाराला पहिल्याच भेटीत वहीवर मांडून दाखवता येतं आणि फीचे टप्पेही त्याच तारखांना बांधता येतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ज्याला पैसे मिळायचे त्याचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात केस. म्हणजे डिचोली-सांखळीचा व्यापारी, त्याचं खातं तिथलं, केस तुमच्या दारात. २०१८ पासून आरोपीनं गुन्हा नाकारला की २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. हा अर्ज द्यायचा कितीतरी वकील विसरतात. तुम्ही विसरू नका.

आणखी एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता आली. सिनियर लोकांच्या जिभेवरचे कलमांचे आकडे जुने झाले. जुन्या केसेस जुन्या कायद्यानं चालतायत, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवावे लागतात. पण नव्या वकिलाला एवढी सपाट जमीन पुन्हा मिळणार नाही. रिमांड आणि जामिनाचं काम अंगावर घ्यायची तयारी असेल तर नक्की घ्या. फोन मात्र रात्री दोनलाही वाजतो, तेव्हा घरच्यांशी आधी बोलून ठेवा.

फोंड्याची_मॅडम

मी फोंड्याला एकटीच प्रॅक्टिस करते, हे चौदावं वर्ष. मला वेगळंच सांगायचंय आणि ते कोणी सांगत नाही म्हणून जरा लांब लिहिते.

तालुक्यात जमिनीचं काम करणार असाल तर विषयाच्या आधी बाजू ठरते. भाटकाराची (मुंडकार ज्याच्या जमिनीत राहतो त्या मालकाची) की मुंडकाराची, मालकाची की कुळाची. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, दोन्हींत माणसं तीच, गावं तीच, आडनावं तीच. दोन्ही बाजूंचं काम घेईन असं म्हणणाऱ्याची वर्षा-दोन वर्षांत कोंडी होते.

माझ्या दुसऱ्या वर्षी एक गिऱ्हाईक जमीन विकत घ्यायची म्हणून आलं. मी टायटल सर्च केला. एक-चौदावर कबजेदाराच्या रकान्यात एकच नाव, कुळाचा रकाना कोरा, इतर हक्कांच्या रकान्यात फक्त एक घर नोंदलेलं. मी रिपोर्ट दिला आणि त्या घराबद्दल एक ओळ लिहून मोकळी झाले. प्रत्यक्ष जागेवर गेले नाही. पाच महिन्यांनी एक म्हातारी बाई सुनेला घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली, आम्ही त्या घरात माझ्या सासऱ्यांच्या काळापासून राहतो, आता कोणीतरी कुंपण घालतोय. सर्वे नंबर ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. तीच जागा. ज्याला आपण आधी सल्ला दिला त्याच्याविरुद्ध आपल्याला उभं राहता येत नाही, तो नियम आहेच. मी त्यांना दुसऱ्या वकिलाचा पत्ता दिला. त्या दोघी पायऱ्या उतरून गेल्या आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या घरात किती माणसं राहतात, पाठीमागे विहीर कोणाची, तुळस कधीची, हे जागेवर दहा मिनिटं उभी राहिले असते तर कळलं असतं.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. एक जाड वही आहे. त्यात प्रत्येक भेटीनंतर सर्वे नंबर, गाव आणि दोन्ही बाजूंची नावं लिहिते. नवा माणूस बसला की आधी वही, मग चहा. आणि मी मुंडकार आणि कुळांचीच कामं घेते. मुंडकार आहे की नाही हे मामलेदार ठरवतो, तिथे पुरावा म्हणजे जुन्या घरपट्टीच्या पावत्या, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, शेजाऱ्यांची साक्ष. हा कागद गोळा करायला चिकाटी लागते. पैसे कमी मिळतात. पण कोणासाठी उभं राहायचं हे ठरलं की सकाळी कार्यालयाचं दार उघडताना मन स्वच्छ असतं.

पैलतीर ताई, तुम्ही आधी हे ठरवा. बाकीचं त्याच्यामागून येईल.

साखळेकार

मी वकील नाही. पण गिऱ्हाईक म्हणून लिहू का?

बाबा गेले तेव्हा मी तीन वकिलांकडे फिरलो. पहिल्यांनी सक्सेशन डीड (वारस कोण हे नोंदवणारा नोटरीचा दस्त) करून दिलं, उत्तम केलं. मग म्हणाले, म्युटेशन मी करत नाही. दुसऱ्यांनी म्युटेशनचा अर्ज केला, तेव्हा कळलं की आजोबांच्या नावावरचा एक तुकडा डीडमध्ये आलाच नव्हता. तिसऱ्यांनी सांगितलं, आता आजोबांपासून सुरू करा. साडेतीन वर्षं गेली. माझा भाऊ बोटीवर असतो, त्याला सहीसाठी दोनदा सुट्टी वाढवावी लागली.

मला त्यावेळी दिवाणी वकील हवा की महसुली हे कळत नव्हतं. मला फक्त उताऱ्यावर आमची नावं लागलेली बघायची होती. कोणी पहिल्या दिवशी समोर बसवून विचारलं असतं की आजोबांच्या नावावर काय काय होतं, त्यांना किती मुलं, कोण कुठे आहे, आणि एका कागदावर वंशावळ काढली असती, तर मी त्यांचे पाय धरले असते. ताई, तुम्ही हे काम घेतलंत तर आमच्या वाड्यावरच तुम्हाला पाच-सहा घरं मिळतील, हे खात्रीनं सांगतो.

पैलतीर

सगळ्यांचे मनापासून आभार. फोंड्याच्या मॅडम, तुमची पोस्ट काल रात्री आईला वाचून दाखवली. मी वही आजच आणली.

दोन शंका आहेत. टायटल आणि रेराबद्दल कोणी लिहिलं नाही, ते मुद्दाम की राहून गेलं? आणि दुसरं, गेल्या आठवड्यात गावातल्या देवळाचे दोन महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) येऊन गेले, समितीचा वाद आहे. असं काम घ्यावं का?

पेडण्याचो_नातू

टायटलबद्दल मी सांगतो, मी पेडण्यात तेच करतो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि आमच्याकडे जमिनीला पाय फुटले. काम भरपूर आहे आणि पैसेही वेळेवर येतात, कारण खरेदीदार दिल्ली-मुंबईचा असतो आणि त्याला घाई असते. धोकाही तिथेच आहे. त्याला चार दिवसांत रिपोर्ट हवा असतो.

२०२२ साली जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमला. पोर्तुगीज काळातले खोटे दस्त बनवून मेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी विकल्या गेल्या. त्यानंतर मी जुना दस्त झेरॉक्सवर बघून कधीच मत देत नाही. पुराभिलेखागारात जाऊन मूळ नोंद बघतो, आधीचं आणि नंतरचं पान बघतो, शाई आणि अक्षर बघतो. एक-चौदा खरा मानला जातो तो विरुद्ध पुरावा येईपर्यंत, आणि तो मालकीचा दस्त नव्हे, हे तर तुम्हाला माहीतच आहे. एकट्या माणसाला चार दिवसांत हे जमत नाही. तुम्ही पहिल्या वर्षी बिल्डरचं टायटल घेऊ नका असंच मी म्हणेन. एक चुकलेला रिपोर्ट बारा वर्षांनी दारात येऊन उभा राहतो.

रेरा वेगळं. घर वेळेत न मिळालेल्या खरेदीदाराची तक्रार, त्यात कागद मर्यादित असतात, कलम १८ खाली व्याज किंवा पैसे परत. पण ती गिऱ्हाइकं बार्देश, तिसवाडी, सासष्टीत. डिचोलीतून त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

म्हापसेकर_वकील

देवस्थानाबद्दल. १९३३ चं देवस्थान नियमन अजून चालू आहे, मामलेदार तिथे प्रशासक. कायदा किचकट नाही. पण त्या वादात मान, पालखी, पहिला नारळ, गावकर कोण आणि कोण नाही, हे सगळं येतं. तुमच्याच गावच्या देवळाचं काम घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. शेजारच्या गावचं जरूर घ्या. तुमच्या बाजूला मोडी वाचणारा फार उपयोगी पडतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या नव्या काबिजादीतल्या (पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या भागातल्या) जुन्या देवस्थान आणि गावकारीच्या कागदांत मोडी सापडते, आणि ती वाचणारे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पोर्तुगीज वाचणारेही आता कमीच झालेत. यातलं एक शिकलात तर कामाला निमंत्रणाची गरज नाही.

तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो.

पाटीवर "इन्व्हेंटरी तज्ज्ञ" असं काही लिहू नका, बार कौन्सिलचा नियम ३६ त्याला मनाई करतो. वेबसाइटवर कामाची क्षेत्रं देता येतात, २००८ पासून तेवढी मोकळीक आहे. पण डिचोलीत तुमचं नाव पाटीवरून नाही, बाजारातून पसरणार.

इन्व्हेंटरीत कोणी तरी म्हणणारच, "वकीलबाय, आता पैसे नाहीत, जमीन सुटली की एक प्लॉट तुमचा." हात जोडून नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी घेणं किंवा मिळकतीत वाटा घेणं आपल्याला चालत नाही. आणि चाललं असतं तरी त्या घरात तुम्ही वकील न राहता सहावा वारस झाला असता.

सिनियरांचा एखादा पक्षकार मागून आला तर त्यांची लेखी ना-हरकत घेतल्याशिवाय वकालतनामा घालू नका. ते देतील. मागायची पद्धत पाळा.

दाबोळी_क्रिमिनल

यात आणखी एक जोडतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठी अर्ज करा. फी थोडी आणि उशिरा. पण स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, कोठडीतली माणसं, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि डिचोली-सत्तरीतून ती माणसं येतात. वर्षभरात इतक्या उलटतपासण्या तुमच्या हातून होतील की सिनियरांकडे सहा वर्षांत झाल्या नसतील. मी तिथेच शिकलो.

पैलतीर

आठवडाभर सगळं पुन्हापुन्हा वाचलं, सिनियरांकडेही जाऊन आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक-चौदा हातात आला की तुझी नजर आधी कुठे जाते?" मी म्हटलं, इतर हक्कांच्या रकान्याकडे. ते म्हणाले, मग तू तुझं ठरवलेलं आहेस.

तर असं ठरलं. वारसाहक्क आणि इन्व्हेंटरी, अगदी उताऱ्यावर नाव लागेपर्यंत. त्यासाठी फीचे टप्पे कामाप्रमाणे: वंशावळ आणि मिळकतींची यादी, अर्ज दाखल, वाटपाचा तक्ता, म्युटेशन. जमिनीच्या वादात मुंडकार आणि कुळाची बाजू. भाड्यासाठी १३८, पण फक्त पैसे अडकलेल्याच्या बाजूनं. कर्ज थकलेल्या ट्रकवाल्यावर फायनान्स कंपनीकडून केस मी घेणार नाही. आमच्या दारात तसा माणूस येऊन गेलाय. पॅनेलचा अर्ज भरला. बिल्डरचं टायटल नाही. गावच्या देवळाच्या महाजनांना आज नम्रपणे सांगितलं, त्यांना थोडं वाईट वाटलं.

साखळेकारबाब, तुमच्यामुळे एक गोष्ट केली. A-३ आकाराच्या कागदाचं एक रीम आणलं. पहिली भेट म्हणजे फक्त वंशावळ. पणजोबांपासून, मुलींच्या सासरच्या नावांसह. काल पहिलीच माणसं आली, कारापूरची दोन भावंडं. दीड तास बसलो. चौथ्या ओळीत त्यांच्या लक्षात आलं की एक आत्या त्यांनी मोजलीच नव्हती, लहानपणी लग्न होऊन सावंतवाडीला गेलेली. धाकटा भाऊ म्हणाला, "ती आहे की नाही तेही माहीत नाही." थोरला काही बोलला नाही. आज सकाळी त्याचा फोन आला, रविवारी दोघंही तिचं घर शोधायला जातायत.

म्हापसेकर सर, एक विनंती. त्यांच्याकडे १९२८ चा एक पोर्तुगीज दस्त आहे, चार पानांचा, हातानं लिहिलेला. मला जेमतेम नावं आणि चतुःसीमा लागतायत. कोणाकडून वाचून घ्यावा?

म्हापसेकर_वकील

सोमवारी दुपारी तीननंतर म्हापसा कोर्टात या, दस्ताची प्रत घेऊन. पहिलं पान आपण दोघं मिळून वाचू, उरलेली तीन तुम्ही वाचा, मी तपासतो. नेहमी येणाऱ्या शब्दांची माझी एक जुनी वही आहे, तिची झेरॉक्स काढून ठेवतो.

फोंड्याची_मॅडम

सर, त्या वहीची एक प्रत मलाही.